दमेकऱ्याच्या कानाने इलेक्ट्रॉनिक संगीत कसं ऐकावं

मला सातव्या वर्षापासून दमा आहे. रात्री आई माझ्या पाठीला कान लावून बसायची. छातीतली शिट्टी जास्त करून श्वास सोडताना वाजते, हे तिनेच मला ऐकायला शिकवलं. संगीतातलं आजारपण मी आजही तिथेच शोधतो.

ऐकण्याआधी आडवे पडा आणि मिनिटभर आपले श्वास मोजा. निवांत पडलेल्या मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० भरतात. मग हेडफोन लावा. ऐकताना खरंच धाप लागली तर बंद करा, पंप घ्या.

आधी बघा, श्वास आत जातोय का? अमेरिकन कलाकार लॉरी अँडरसन यांचं १९८१ सालचं 'ओ सुपरमॅन' हे गाणं लावा. आठेक मिनिटं तळाशी त्यांच्याच आवाजातला एक 'हा' यंत्र पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. तो 'हा' म्हणजे नुसता बाहेर टाकलेला श्वास. आत घेणं नाहीच. मी त्याच्याशी श्वास जुळवायला गेलो आणि काही मिनिटांत छाती आवळल्यासारखी झाली. गाणं आजारावर नाही, शब्दांत दम्याचा उल्लेखही नाही. म्हणून 'हे दम्याचं गाणं' असं म्हणू नका. 'इथे माझा श्वास अडला' एवढंच म्हणा, आणि नेमका कुठे ते लिहून ठेवा.

मग सोडण्याची लांबी ऐका. सिंथवर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या वाद्यावर, श्वास करतात तो व्हाइट नॉइजचा: नुसती खरखर, आणि तिच्यावर हळूहळू उघडणारा-मिटणारा फिल्टर, म्हणजे आवाजाचा काही भाग अडवणारी चाळणी. चढायला एक भाग, उतरायला दोन भाग वेळ दिला की शांत झोपलेलं माणूस ऐकू येतं. उतार आणखी ताणा, रेझोनन्स (फिल्टरच्या कडेचा सूर उठावदार करणारी कळ) वाढवा. खरखरीतून बारीक शिट्टी निघते. रात्री दोन वाजता उशांना टेकून बसलेला मी तो हाच.

जोरात श्वास म्हणजे आजार, ही चूक मात्र फार जण करतात. क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या १९८३ च्या 'टूर द फ्रान्स' या गाण्यामध्ये सायकलस्वाराच्या धापा आहेत. पण त्या तालात पडतात, पुढे रेटतात. दमलेली छाती आणि दम्याची छाती यांतला फरक इथे चांगला कळतो.

आजारपण दरवेळी श्वासातच असतं असंही नाही. १९७५ मध्ये अपघातानंतर इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो अंथरुणाला खिळले होते. हार्पची रेकॉर्ड फार हळू आवाजात लागली होती, उठून आवाज वाढवायची ताकद नव्हती, बाहेर पाऊस. त्याच वर्षीचा त्यांचा 'डिस्क्रीट म्युझिक' हा अल्बम पंख्याच्या आवाजाखाली दबेल इतक्या हळू आवाजात लावा. तापात पडल्यावर मला घर असंच ऐकू यायचं: कुकरची शिट्टी, नळ, आणि शेजारणीशी दबक्या आवाजात बोलणारी आई.