गाईचा टीबी रक्तातून शोधायचा असेल तर तारीख धरून चला

कोरेगावकडं आमचा १२ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या) गायींचा गोठा आहे. त्यातली जुनी गाय झिजत चाललेली, पेंड खाऊनसुद्धा हाडं वर आणि सारखा खोकला. डॉक्टरांनी कातडीतली टेस्ट केली, सूजच आली नाही म्हणून आम्ही निवांत झालो आणि ती तशीच दावणीला राहिली. पुढं रक्त तपासलं तेव्हा कळलं, तोवर शेजारच्या दोन गायींना लागलेलं होतं. हे अजून मनाला लागतंय म्हणून सगळं नीट लिहितोय.

टीबीचा जंतू शिरला की आधी अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी जाग्या होतात, कातडीची टेस्ट तेच बघते. मानेच्या कातडीत ०.१ मिली ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूपासून काढलेलं प्रथिन) टोचतात आणि ७२ तासांनी जाडी मोजतात, ४ मिमी किंवा जास्त वाढली तर पॉझिटिव्ह. अँटीबॉडी (जंतूविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रथिनं) मात्र उशिरा येतात, आजार अंगात पसरल्यावर, आणि तोवर पेशींचा जोर कधीकधी ओसरलेला असतो. म्हणूनच आमच्या जुन्या गाईची कातडी गप्प राहिली आणि रक्तात अँटीबॉडी भरपूर निघाल्या. उलट नुकती लागण झालेली कालवड रक्तात कोरी येते बरं का, त्यामुळं एक टेस्ट केली म्हणून दुसरी सोडायची नाही.

आता करायचं कसं. आधी सगळ्या गोठ्याची कातडीची टेस्ट करून घ्या आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवा, कारण त्या टोचणीनं लागण झालेल्या गाईच्या अँटीबॉडी उसळतात आणि २ ते ४ आठवड्यांत रक्त घेतलं तर एलायझात (रक्तातल्या अँटीबॉडी शोधणारी टेस्ट) जास्त गायी सापडतात. जोन्सचा आजार (टीबीच्या भावकीतल्या जंतूनं होणारा आतड्याचा रोग) गोठ्यात असेल, म्हणजे हगवण थांबतच नाही अशी गाय असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा, कातडीची टेस्ट त्यानं फसते, मग पक्ष्यांच्या टीबीचं ट्युबरक्युलिन पण शेजारी टोचून दोन्ही सुजा ताडून बघतात.

रक्त डॉक्टरच काढतील, मानेच्या नाहीतर शेपटीच्या शिरेतून, लाल झाकणाच्या साध्या ट्यूबमध्ये ५ मिली. ट्यूबवर कानातल्या बिल्ल्याचा नंबर लगेच लिहा, नंतर लिहू म्हणलं की घोळ होतो. ट्यूब हलवायची नाही, सावलीत तिरकी ठेवायची, रक्त गोठून पिवळं सीरम सुटलं की ते वेगळं काढून बर्फाच्या डब्यातून न्यायचं. सीरम वेगळं न काढलेलं रक्त फ्रीजरमध्ये घालू नका, पेशी फुटून नमुना वाया जातो. शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज नाहीतर पुण्याला औंधची पशुरोग प्रयोगशाळा, पण एलायझाचं किट आहे का ते फोनवर विचारूनच निघा.

पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी वेगळी बांधा, दूध उकळल्याशिवाय वासराला पण पाजू नका, आणि औषधोपचाराच्या नादी लागू नका. घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. माणसाच्या टीबीसाठी असली अँटीबॉडीची टेस्ट चालत नाही, आपल्याकडं २०१२ पासून तिच्यावर बंदीच आहे.