घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसाठी एक ऑप्टोमेट्रिस्ट कसा धरावा

लक्ष्मी रोडवर फ्रेम आवडली, आतल्या मशीनवर हनुवटी टेकवली, दोन मिनिटांत नंबर निघाला, चार दिवसांनी चष्मा हातात. पुण्यातल्या बऱ्याच घरांत ‘डोळे तपासून आलो’ म्हणजे एवढंच असतं. पण तो फक्त नंबर झाला. काचबिंदू किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) होणारे बदल सुरुवातीला दुखत नाहीत आणि तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्या माणसालाही ते असू शकतात.

आधी कोण कोण ते ओळखा

चष्मा बनवून देणारा दुकानदार वेगळा. एमबीबीएसनंतर नेत्रशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले, औषधोपचार आणि ऑपरेशन करणारे ते डोळ्यांचे डॉक्टर. या दोघांच्या मधला ऑप्टोमेट्रिस्ट. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम केलेला, नजर, नंबर, तिरळेपणा, कॉन्टॅक्ट लेन्स यांत तरबेज आणि आजाराची शंका आली की डॉक्टरांकडे धाडणारा. पुण्यातच भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम चालतो.

दुकानात नंबर काढणारा प्रत्येक जण पदवीधर असतोच असं नाही, म्हणून शिक्षण विचारा. संकोच कसला? आपण भाजी घेतानाही चार प्रश्न विचारतो. डोळ्याचं प्रेशर (डोळ्याच्या आतला दाब, तो वाढला की काचबिंदूचा धोका) मोजता का, मागच्या तपासणीची नोंद ठेवता का आणि गरज पडली तर कोणाकडे पाठवता, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो, त्याच्याकडे फ्रेम घ्या, तपासणी नको.

जाण्यापूर्वी एक वही करा

प्रत्येकाला एक पान. जुने नंबर, मधुमेह, रक्तदाब, चालू औषधं (स्टेरॉइड असेल तर ठळक) आणि आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू आहे का ते. काचबिंदू घराण्यात चालतो आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीआधी किती दिवस लेन्स काढून ठेवायच्या ते फोनवर विचारून घ्यावं.

सुरुवात मुलांपासून

मूल तक्रार करत नाही, कारण जग असंच अंधूक असतं असं त्याला वाटतं. एक डोळा चांगला आणि दुसरा कमजोर असेल तर कोणालाच पत्ता लागत नाही. घरी करून पाहा: एक डोळा तळहाताने झाका आणि दाराजवळून भिंतीवरचं कालनिर्णय वाचायला सांगा, मग दुसरा. एका बाजूला मूल हात ढकलायला लागलं तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. वापरात न आलेला हा ‘आळशी डोळा’ सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर सर्वांत चांगला सुधारतो. म्हणून तक्रार नसली तरी पहिली तपासणी शाळेत घालण्याआधी, तीन-चार वर्षांचं असताना करा.

मुलांचा नंबर नुसत्या मशीनवर काढू देऊ नका. त्यांचे डोळ्यांतले स्नायू इतके जोरकस असतात की मायनस नंबर खोटाच जास्त दिसू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थेंब घालून स्नायू सैल केल्यावरच खरा नंबर कळतो. चष्मा लागलेल्या मुलाची तपासणी निदान वर्षातून एकदा करा, नंबर भराभर वाढत असेल तर सहा महिन्यांनी.

रोज दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी आढळतं. संध्याकाळचे पाच ते सात क्लासला देऊन टाकणाऱ्या पालकांनी याचा हिशोब मांडावा.

चाळिशी आणि त्यापुढे

जवळचं दिसेना म्हणून रस्त्यावरचा तयार चष्मा घेण्यात तसा गुन्हा नाही. पण प्रेशर तपासायची आयती संधी हुकते. मधुमेह असलेल्यांनी नजर ठणठणीत असली तरी वर्षातून एकदा थेंबांनी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. त्या दिवशी ॲक्टिव्हा घरीच ठेवा. थेंबांनंतर काही तास उजेड सहन होत नाही, जवळचं वाचता येत नाही. रिक्षाने जा, काळा चष्मा न्या, सोबत कोणी असलं तर उत्तम.

चिठ्ठी मागून घ्या

दोन्ही डोळ्यांचे गोल (SPH) आणि दंडगोल (CYL) नंबर, ॲक्सिस (दंडगोल नंबराचा कोन), जवळचा नंबर, चष्म्यासह नजर किती आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर, एवढं चिठ्ठीत हवं. ती तुमची आहे. चष्मा कुठेही करा. नंबर बदलला असेल तर चाचणीची फ्रेम घालून दुकानात चालून बघा, जमीन वर-खाली वाटली तर तिथेच सांगा.

इथे ऑप्टोमेट्रिस्टसाठी थांबू नका

अचानक विजेसारखे चमकारे, काळे ठिपके किंवा नजरेवर पडदा ओढल्यासारखं वाटणं, लाल दुखरा डोळा आणि सोबत अंधूकपणा, बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक: त्याच दिवशी थेट डोळ्यांचं रुग्णालय. महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई असो, नाहीतर ससून. चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोपर्यंत वजनाच्या जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर दीर्घ वापराने प्रेशर वाढतं.

आणि तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबून पोराच्या डोळ्यात चुना उडाला, तर आधी कोणालाही फोन करू नका. पापणी उघडी धरून नळाच्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा, दिसणारे कण वाहू द्या, मग रिक्षा.