पाणी वाचवायला निघालात? आधी या चुका टाळा

पाणीटंचाईची बातमी वाचली की लोक आधी खरेदीला निघतात. नळाला जाळी, नवा शॉवर, मोबाइलला जोडायचा कसला तरी सेन्सर. मीटर कुठे आहे विचारलं, तर घरातले एकमेकांकडे बघतात. न मोजता वाचवायला जाणं, माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक ही.

ओळखीच्या एका घरात महिनाभर कडक शिस्त चालली होती. शॉवर बंद, दात घासताना नळ चालू राहिला की मुलांना ओरडा. तरी मीटरचा आकडा काही खाली येईना. मी त्यांना एवढंच सांगितलं: रात्री ११ वाजता आकडा लिहा, सकाळी ६ वाजता कोणी नळ उघडायच्या आत पुन्हा लिहा. रात्रीतून कोणी उठलं नाही, तरी सात तासांत १४० लिटर गेलं होतं. म्हणजे दिवसाला ४८०! नळ तर सगळे कोरडे. मग फ्लशच्या टाकीत खायचा लाल रंग टाकला आणि अर्धा तास कोणाला आत जाऊ दिलं नाही. झाकण उघडलं तर भांड्यात गुलाबी पाणी. टाकीच्या तळाचं रबर कडक होऊन एका कडेला उचललं गेलं होतं आणि तिथून पाणी गुपचूप झिरपत होतं. "पण आवाज कुठे येत होता?" घरमालक म्हणाले. अहो, आवाज करणारी गळती कोणीही पकडतं. रबर बदललं, त्या रात्री काटा जागचा हलला नाही.

मी अजूनही दर महिन्याच्या १ तारखेला ही रात्रीची नोंद वहीत करतो. ॲपवाले हसतात. हसू देत.

ठिबकणारा नळ जोर लावून आवळणं: वॉशर आणखी चिरडतो. बदला. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी वर्षाला ११ हजार लिटरच्या आसपास जातं.

"पृथ्वीवर पाणीच पाणी आहे" हे वाक्य: त्यातलं गोडं जेमतेम अडीच टक्के, आणि त्यातलाही बराचसा भाग बर्फात गोठलेला.

याहून चीड आणणारी सबब म्हणजे, "जगात वापरल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातलं सत्तर टक्के शेतीला जातं, माझ्या बादलीनं काय होणार?" आकडा खरा आहे. पण शहराचं धरण आटतं तेव्हा हा हिशेब कामाला येत नाही. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली, तेव्हा लोकांना बादल्याच मोजाव्या लागल्या. आणि शेतीचं म्हणाल, तर ते पाणी शेवटी आपल्याच कपाटात येतं. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर लागतं. १९६०च्या दशकापासून मध्य आशियात अरल समुद्राला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसाकडे वळवल्या आणि तो समुद्र बहुतेक आटला. दोनदा घालून टाकायचा शर्ट घेताना शेतकऱ्याकडे बोट दाखवू नका.

भर दुपारी झाडांना पाणी घालू नका, बरंचसं उडून जातं. पहाटे घाला.

आणि आरओचं टाकाऊ पाणी जमवता हे उत्तम, पण तेच रोज कुंड्यांना घालू नका. त्यात क्षार साचलेले असतात, मातीवर पांढरा थर धरतो. त्यानं फरशी पुसा.