डिझेलचा क्रँक पेट्रोल इंजिनात बसवून सीसी वाढवायची असेल तर आधी गणित करा

जुन्या क्लासिक गाडीची सीसी वाढवायची म्हटलं की पहिला विचार बोअरचाच (सिलेंडरचा व्यास) येतो, पण ब्लॉकची भिंत किती खरवडणार, त्याला मर्यादा आहे ना. दुसरा रस्ता स्ट्रोकचा (पिस्टन वर-खाली किती सरकतो ते), तो ठरवतो क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा, आणि तिथे डिझेल कामाला येतं. बऱ्याच कंपन्यांनी एकाच घराण्यात पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिनं काढली, बोअरमधलं अंतर तेच, मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) पण बऱ्याचदा तेच, फक्त डिझेलचा स्ट्रोक थोडा लांब आणि क्रँक बहुतेक वेळा फोर्ज्ड (ठोकून घडवलेला), कारण त्याला जास्त प्रेशर सोसायचं असतं. घ्यायचा तो फक्त क्रँक हां, डिझेलचे पिस्टन जड असतात आणि त्यांचं कॉम्प्रेशन (सिलेंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) पेट्रोलला चालतच नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे डॅटसन झेड या निसानच्या स्पोर्ट्स कारचं सहा सिलेंडरचं एल२८ इंजिन. त्याचा बोअर ८६ मिमी, स्ट्रोक ७९, म्हणजे २७५३ सीसी. त्याचाच डिझेल भाऊ एलडी२८, जो अमेरिकेत १९८१ ते ८३ च्या मॅक्झिमा डिझेलमध्ये यायचा, त्याचा स्ट्रोक ८३. तो क्रँक एल२८ मध्ये घातला आणि बोअर ८९ केला की ३०९८ सीसी होतात! बीएमडब्ल्यूमध्ये पण हेच, ५२४टीडीच्या एम२१ डिझेलचा ८१ मिमीचा क्रँक ८४ बोअरच्या एम२० २.५ ब्लॉकमध्ये गेला की साधारण २६९३ सीसी.

आता खरं काम. क्रँक विकत घ्यायच्या आधी कागद पेन घ्या आणि ही बेरीज करा: अर्धा स्ट्रोक + पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या रॉडची लांबी (दोन्ही भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत) + पिस्टनची पिनपासून माथ्यापर्यंतची उंची. ही बेरीज आणि ब्लॉकची डेक हाइट (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची) जवळपास सारखी आली पाहिजे. एल२८ चा डेक २०७.८५ मिमी. मूळ इंजिनात ३९.५ + १३०.३५ + ३८.१ = २०७.९५, म्हणजे बरोबर बसतं. नुसता डिझेल क्रँक टाकला तर पिस्टन २ मिमी वर येतो आणि हेडला जाऊन आपटतो. म्हणून लोक एल२४ चे (याच घराण्यातलं २.४ लिटरचं इंजिन) १३३ मिमीचे रॉड आणि केए२४ई चे (निसानचंच दुसरं २.४ लिटरचं इंजिन) ८९ मिमीचे पिस्टन घेतात, त्यांची पिनपासून उंची ३४, आणि गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) पण तीच २१ मिमीची. बेरीज ४१.५ + १३३ + ३४ = २०८.५, म्हणजे पिस्टन तरीही ब्लॉकच्या ०.६५ मिमी वर निघतोच, तिथे मग २ मिमीची हेड गॅस्केट लावा किंवा पिस्टनचा माथा मशीन करून घ्या. दाबलेल्या गॅस्केटसकट पिस्टन आणि हेडमध्ये साधारण १ मिमी तरी राहायला पाहिजे, हे मी कधीच सोडणार नाही, रॉड गरम झाल्यावर लांबतात आणि बेअरिंगला प्ले असतोच.

कॉम्प्रेशन पण परत काढा. हेड तेच ठेवलं आणि वर उरणारी जागा तेवढीच राहिली तर ८.३ चं थेट ९.२ होतं, कारण एका सिलेंडरची सीसी ४५९ वरून ५१६ वर गेली.

क्रँक जुना असणार, तर मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट (चुंबकाने बारीक तडे शोधणं) कराच, जर्नल मोजा, ग्राइंड करायचा असेल तर कडेची गोलाई (फिलेट) मशीनवाल्याला सांभाळायला सांगा, तिथूनच तडा सुरू होतो. पुढचं नाक आणि मागचा फ्लायव्हील फ्लँज पेट्रोलसारखाच असेल असं धरून चालू नका, टायमिंग गिअर आणि पुली त्यावर बसवून बघा. ८६ वरून ८९ करताना प्रत्येक बाजूची भिंत दीड मिमीने पातळ होते, त्यामुळे बोअर करायच्या आधी अल्ट्रासॉनिकने जाडी मोजून घ्या, ब्लॉक गेला तर परत मिळत नाही.

मग कोरडं जुळवून हाताने दोन फेऱ्या पूर्ण फिरवा. रॉडचे बोल्ट ब्लॉकला कुठे घासतात का, पिस्टन खाली आल्यावर क्रँकच्या काउंटरवेटला (तोल राखणाऱ्या वजनाला) लागतो का, ऑइल पॅन मोकळा आहे का, सगळं बघा, आणि व्हॉल्व्हसाठी पिस्टनवर मऊ माती ठेवून हेड बसवून परत दोन फेऱ्या फिरवा, मातीवरच्या ठशावरून किती जागा उरते ते कळतं. घासत असेल तिथे ब्लॉक थोडा कोरता येतो. रॉड आणि पिस्टन वजनाला जुळवा, क्रँक डायनॅमिक बॅलन्स करा आणि पुढचा डॅम्पर (क्रँकची कंपनं शोषणारी पुली) जुना असेल तर नवीन टाका, लांब सहा सिलेंडरच्या क्रँकला पिळाची कंपनं जास्त असतात.

आरपीएमची हाव धरू नका. ८३ च्या स्ट्रोकला ७००० वर पिस्टनचा सरासरी वेग १९.४ मीटर प्रति सेकंद होतो. हेड आणि कॅम तेच असतील तर टॉर्क खालीच मिळतो आणि पॉवर पण लवकर संपते, रस्त्यावर चालवायला हेच छान. कार्ब्युरेटरचे जेट मात्र मोठे लागतील, आणि इग्निशन टायमिंग पहिल्यांदा थोडं मागे ठेवून सुरू करा, प्लगचा रंग बघत बघत पुढे न्या.