पावडरीआधी विहिरीभोवती एक फेरी

मी आमच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. खटाव तालुक्यातलं गाव, एक सार्वजनिक विहीर, दोन हापसे. पाण्याला जरा वास आला की लोक म्हणतात, "भाऊ, पावडर टाका." ही पावडर म्हणजे टीसीएल, जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर. टाकतो. पण घाण आत उतरतेय कुठून ते न बघता नुसती पावडर टाकत बसलो तर उन्हाळा-पावसाळा तेच चालू राहतं.

आधी फेरी मारा, तीही पहिल्या वळवाच्या सरीत. कोरड्या दिवसांत सगळ्याच विहिरी शहाण्या दिसतात. छत्री घेऊन उभं राहा. वरच्या अंगाला उकिरडा आहे का, गोठ्यातलं पाणी कुठं वाहतं, शौचालयाचा खड्डा किती लांब आहे? खड्डा निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. आमच्याकडच्या काळ्या खडकात पाणी भेगांतून पळतं, त्यामुळं माझं १५ वर समाधान होत नाही.

एका हापशाची तपासणीची बाटली लागोपाठ काळी पडत होती. ही एचटूएसची बाटली खुणेपर्यंत भरून एक-दोन दिवस ठेवायची. पाणी काळं झालं की समजायचं, मैला मिसळतोय. पावडरीचं पाणी सोडूनही फरक पडेना. शेवटी भर पावसात गुडघे टेकून बघितलं. ओटा एका बाजूनं खचलेला, केसिंगला, म्हणजे बोअरच्या पाईपाला, लागून बोटभर फट, आणि धुण्याचा फेस त्या फटीत गोल फिरत आत चाललेला. ओटा फोडला, केसिंगभोवती काँक्रीट भरलं, नवा ओटा बाहेर उतार देऊन बांधला, नाली लांबवर नेली. पुढची बाटली काळी झाली नाही. बायकांनी मात्र धुण्याची जागा हलवली म्हणून महिनाभर माझ्याशी धड बोलणं सोडलं होतं.

विहिरीचं वेगळं. कठडा हवा, वर जाळी हवी, भोवती ओटा हवा. निर्माल्य आत टाकू द्यायचं नाही. आणि फवारणीचा पंप विहिरीवर धुणाऱ्याला तिथंच हटका, मग तो भावकीतला का असेना. औषध पावडरीनं मरत नाही. खताचा नायट्रेटही उकळून जात नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. ओढ्याचं गढूळ पाणी थेट बोअरमध्ये सोडून 'पुनर्भरण' करणाऱ्यांनाही आवरा. आधी गाळण लागते.

गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरी-बोअरपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला कायद्यानं बंधन आहे. बोअरची गाडी गावात शिरायच्या आधी हे ग्रामसभेत वाचून दाखवा. गाडी उभी राहिल्यावर कोण ऐकतंय!

आता पावडर. आमच्या विहिरीचा व्यास ५ मीटर, पाणी ४ मीटर, म्हणजे साधारण ७८,५०० लिटर. १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली टीसीएल धरली तर २०० ग्रॅमच्या आसपास. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळीच विहिरीत ओता. चोथा ओतू नका. टीसीएलचं पोतं दमट जागी किंवा उघडं राहिलं की जोर उतरतो, मग हे गणित फसतं.

तासाभरानं पाणी सोडायचं आणि ओटी तपासणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची तपासणी, करायची, पण टाकीखाली नाही. मी सायकल काढून वस्तीवरच्या शेवटच्या नळाला जातो. तिथं नळीत पिवळी झाक दिसली तरच वहीत सही.