जुन्या मिनी क्वाडची चेन उतरतेय, चाक फिरत नाहीये? क्लच विकत घ्यायच्या आधी हे करा

मिनी क्वाड म्हणजे पोरांची चार चाकांची छोटी बाइक. इंजिन मस्त आवाज करतंय, पोरगं अंगठ्याने रेस देतंय आणि गाडी जागची हलत नाही, नाहीतर थोडी पुढे जाते आणि खाडकन चेन उतरते. कुठल्याही गॅरेजवाल्याला दाखवा, तो खाली वाकूनसुद्धा न बघता सांगणार की क्लच गेलाय साहेब. मग तुम्ही ऑनलाइन क्लच मागवणार, तो बसवणार आणि गाडी परत तेच करणार. आमच्या बिल्डिंगमधल्या आणि नातेवाइकांच्या पोरांच्या अशा बऱ्याच गाड्या माझ्याकडे आल्या, त्यातल्या बहुतेकांचा क्लच धडधाकट होता. बिघाड मागे होता, चेन आणि एक्सलच्या भानगडीत.

मी बोलतोय ते मुख्यतः ४९ सीसीच्या टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायच्या छोट्या क्वाडबद्दल, कारण सेकंडहँडमध्ये तीच जास्त मिळते. ११० सीसीवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

आधी एवढं डोक्यात ठेवा की ताकद कुठून कुठे जाते. इंजिन, मग सेंट्रीफ्युगल क्लच (रेस वाढली की त्याचे शूज, म्हणजे घर्षणाचे तुकडे, बाहेर फेकले जातात आणि बाहेरच्या ड्रमला पकडतात), काही गाड्यांत मध्ये छोटा गिअरबॉक्स, मग पुढचं छोटं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), चेन, मागचं मोठं स्प्रॉकेट आणि मागचा अखंड एक्सल. कारसारखा डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग) नसतो, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. तपासायचं मात्र उलट्या बाजूने, चाकाकडून इंजिनकडे, कारण मागचं सगळं उघडं असतं, फुकटात तपासून होतं, आणि इंजिनकडे जावं तसा खर्च वाढत जातो.

१. गाडी स्टँडवर, मागची चाकं हवेत. प्लगची कॅप काढून ठेवा. पोराला घरात पाठवा, "मी फक्त बघतो" वगैरे ऐकायचं नाही. इंजिन चालू असताना चेनला हात किंवा फडकं लावायचं नाही, बोटं जातात ती अशीच, फडक्याचं टोक अडकतं आणि मागोमाग हात जातो.

२. चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर आधी ब्रेक बघा, डिस्कला पॅड घासत असतात किंवा पार्किंगचा खटका अर्धवट अडकलेला असतो आणि लोक क्लचच्या नावाने बोंब मारतात. मग चाक वर-खाली धरून हलवा, खटखट वाजलं तर एक्सलचं बेरिंग गेलंय. ते आधी बदला, त्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

३. एक चाक घट्ट धरा, दुसरं फिरवून बघा. अखंड एक्सल आहे, त्यामुळे दुसरं फिरताच कामा नये. फिरलं तर हब (चाकाचा मधला भाग) एक्सलवर घसरतोय, म्हणजे आतली चावी (दोघांना अडकवून ठेवणारा लोखंडी तुकडा) कापली गेलीय, खाचा झिजल्यात नाहीतर नट ढिला आहे. तसंच मागच्या स्प्रॉकेटचं. व्हाइटनरने एक सरळ रेघ मारा, एक्सलवरून सुरू करून हबवर आणि तिथून स्प्रॉकेटवर, सलग. सुकू द्या. मग गाडी खाली घेऊन जरा चालवा आणि परत बघा. रेघ जिथे तुटून सरकली असेल तिथे माल घसरतोय. रेघ सलग आहे आणि तरी गाडी ओढत नाही, तर मागचा भाग निर्दोष, बिघाड पुढे इंजिनकडे आहे. व्हाइटनरची बाटली पोराच्या दप्तरात मिळेल.

याच वेळी अजून एक बघून घ्या. चाक फिरवल्यावर चेन आणि पुढचं स्प्रॉकेट फिरायला हवं पण इंजिन फिरता कामा नये. इंजिनही फिरायला लागलं तर क्लच चिकटून बसलाय किंवा त्याची स्प्रिंग तुटलीय. अशी गाडी चालू करताक्षणी उडी मारते. पोराला तोपर्यंत तिच्यावर बसवूच नका.

४. रेसचा स्क्रू. अंगठ्याच्या लिव्हरजवळ एक छोटा स्क्रू असतो, रेस किती खुलावी ते अडवणारा. आधीच्या मालकाने आपल्या पोरासाठी तो पार आत पिळलेला असतो, मग आरपीएम क्लच पकडायच्या जवळपासच येत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण नवा क्लच घेऊन झाल्यावर लोकांना हे कळतं. काम झालं की पोराच्या वयाप्रमाणे स्क्रू परत आत घ्या.

५. चेन कुठली आहे ते मोजा. नुसतं "छोटी चेन द्या" म्हणून दुकानात जाऊ नका. ४९ सीसीला साधारण टी८एफ किंवा २५एच लागते, लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. एका पिनच्या मध्यापासून पुढच्या दहाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा, पहिली पिन मोजणीत धरू नका. ८० मिलिमीटर भरलं तर टी८एफ, ६३.५ भरलं तर २५एच. ११० सीसीला बहुतेक वेळा ४२०, तिचं हेच माप १२७ भरतं. आता गंमत अशी की आपल्या बाइकच्या ४२८ चेनचंही तेच १२७ भरतं, फक्त ती रुंद असते, म्हणून कोणीतरी ती ४२०च्या स्प्रॉकेटवर चढवून देतो. चढते, फिरते, आणि आडवी डुलत डुलत उतरते. सायकलची चेनही तशीच पिचला (दोन पिनांमधल्या अंतराला) जुळते, ती लावायचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

६. आता खरं काम, चेनची लाइन

इथे मी सगळ्यात जास्त घाम गाळलाय आणि सगळ्यात जास्त फालतू सल्ले इथेच मिळतात. चेन उतरते म्हणून "एक कडी काढून टाका", "ताणून बसवा", "स्प्रिंगचा टेन्शनर लावा". चेन ढिली आहे हे दिसतं सगळ्यांना, ती ढिली का होते ते कोणी बघत नाही. आणि ताणून बसवली तर क्लचच्या ड्रमचं बेरिंग बोंबलतं, मग जो क्लच चांगला होता तो खरोखर जातो आणि गॅरेजवाला म्हणायला मोकळा की मी सांगितलं होतं ना.

पहिलं बघायचं ते टाइट जागा. चाक हळूहळू हाताने फिरवत न्या आणि दर थोड्या अंतराने चेनला मधोमध बोटाने वर-खाली करा. एका ठिकाणी अगदी ताठ आणि अर्धा फेरा झाला की लोंबकळती, असं झालं तर मागचं स्प्रॉकेट मध्यावर बसलेलं नाहीये. या स्वस्त गाड्यांत स्प्रॉकेटची भोकं बोल्टपेक्षा मोठी असतात, त्यामुळे ते एका बाजूला सरकून घट्ट झालेलं असतं. बोल्ट ढिले करा पण काढू नका, चेन जिथे सगळ्यात ताठ आहे तिथे स्प्रॉकेटला लाकडाच्या तुकड्यावरून हलकेच ठोका, थोडं घट्ट करा, परत फिरवून बघा. समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून आवळायचे, एकच एक पूर्ण आवळला की ते परत सरकतं. हे चिकाटीचं काम आहे, दोनदा ठोकून जमलं नाही म्हणून सोडायचं नाही. एवढं करूनही फरक राहिलाच तर एक्सल वाकलाय का बघा. आणि ताठ जागा दर फेऱ्याला स्प्रॉकेटच्या वेगळ्या दातावर येत असेल तर दोष चेनमध्येच, एखादी कडी गंजून अडकलीय. मुंबईत पावसाळाभर प्लास्टिकखाली झाकून ठेवलेल्या गाडीत हे हमखास, प्लास्टिकखाली घाम धरतो आणि चेन तांबूस होते.

दुसरं, स्प्रॉकेट आडवं डुलतंय का. फ्रेमला एक झिप टाय बांधा, तिचं टोक कापून स्प्रॉकेटच्या दाताच्या बाजूला अगदी टेकेल न टेकेल असं ठेवा आणि चाक फिरवा. टोक आणि दात यातली फट एकसारखी राहिली पाहिजे. कुठे टेकतंय, कुठे दोन-तीन मिलिमीटर दूर जातंय, तर स्प्रॉकेट वाकलंय. बदला. हातोडीने सरळ होतं असं सांगणारे भेटतील, होत नाही, एका जागी सरळ होतं आणि दुसरीकडे वाकतं.

तिसरं म्हणजे दोन्ही स्प्रॉकेट एका सुतात आहेत का. मोठी स्टीलची पट्टी मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला चिकटवून पुढे न्या, पुढचं स्प्रॉकेटही त्याच रेषेत हवं. पट्टी पोचत नसेल तर गवंड्याची लाइनदोरी ताणा. पुढे एकसारखी फट दिसली तर स्प्रॉकेट आत-बाहेर आहे, वॉशर घालून जुळवा. फट तिरकी दिसली तर एक्सल तिरका आहे, आणि तिथे फ्रेमवरच्या ॲडजस्टरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. जुनी गाडी कुठल्या फुटपाथवरून आपटलीय तुम्हाला माहीत नसतं. फ्रेमवर, स्विंगआर्मच्या (मागचा एक्सल धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या) बोल्टचा मध्य वगैरे, दोन्ही बाजूंना सारखा असलेला बिंदू धरा आणि तिथून एक्सलच्या मध्यापर्यंत डावीकडे-उजवीकडे टेपने मोजा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत.

आणि ज्याच्यात सगळे फसतात ते हे की आवळताना सगळं हलतं. तुम्ही छान जुळवता, ढील बरोबर ठेवता, बोल्ट आवळता आणि एक्सल मागे किंवा तिरका सरकतो. म्हणून दोन्ही बाजू थोड्या थोड्या आवळत न्यायच्या आणि पूर्ण आवळल्यावर परत पट्टी लावायची, परत मोजायचं. ढील ठेवायची ती जिथे चेन सगळ्यात ताठ आहे त्या जागी, साधारण अर्धा इंच वर-खाली. लोंबकळत्या जागी अर्धा इंच ठेवलीत तर ताठ जागी चेन तारेसारखी होईल. मागे शॉक ॲब्झॉर्बर असेल तर गाडी खाली उतरवून सीटवर कोणीतरी दाबून धरा आणि परत एकदा बघा, कारण वजन पडलं की एक्सल आणि पुढचं स्प्रॉकेट यांच्यातलं अंतर बदलतं.

हे सगळं करूनही चेन दर वेळी सुटते? इंजिनचे माउंटिंग बोल्ट बघा. टू-स्ट्रोकच्या थरथरीने ते सैल होतात, रेस दिली की चेन इंजिनलाच मागे खेचते आणि आपोआप ढिली पडते. बंद गाडीत सगळं ठीक दिसतं म्हणून हे सापडत नाही. इंजिनला हाताने जोर लावून पुढे-मागे हलवा. जरासं जरी हललं तरी बोल्ट काढून, आटे साफ करून, स्प्रिंग वॉशर आणि थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावून आवळा. भोक लांबट झालं असेल तर जाड वॉशर. स्प्रॉकेट हबला वेल्डिंग करून टाकायचा उपाय कोणी सुचवला तर हात जोडा, पुढच्या वेळी एक्सलसकट सगळं फेकावं लागतं.

७. क्लच, आत्ता. वरचं सगळं बरोबर आहे, रेघ सलग आहे आणि तरी गाडी नुसती गुरगुरतेय तर कव्हर खोला. ड्रम आतून निळसर पडला असेल तर तापलाय. शूज आरशासारखे चमकत असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच चमक घालवा. तेलकट असतील तर ब्रेक क्लीनरने पुसा आणि इंजिनची ऑइल सील गळतेय का बघा, नाहीतर आठवड्यात परत तेच. शूजचा मसाला संपून धातू घासत असेल तर मात्र घ्या नवा क्लच, जुना सोबत नेऊन मापाला माप लावून.

११० सीसीवाल्यांसाठी: तुमचा क्लच इंजिन ऑइलमध्ये भिजलेला असतो. घसरत असेल तर पहिल्यांदा विचारा की आत तेल कुठलं आहे. घरातल्या कारचं उरलेलं तेल ओतलेलं असतं आणि त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या मसाल्याने क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए (तेलात भिजलेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं बाइकचं तेल टाका, जमल्यास दोन वेळा बदला, बऱ्याच गाड्या तेवढ्यावर सुधारतात.

सामानासाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, बेरिंग आणि चेन तिथे मिळतात. बेरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, तो दाखवा आणि दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं, म्हणजे २आरएस, मागा. उघडं बेरिंग आपल्या चिखलात टिकत नाही. जुन्या गाड्यांचे सुटे भाग लागले तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. स्प्रॉकेट बहुतेक ऑनलाइनच मागवावं लागतं, दात आणि भोकांतलं अंतर दोन्ही मोजून.

चाचणी सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर घेऊ नका. सेक्रेटरी काका ओरडतात ते वेगळं, पण अखंड एक्सलमुळे वळताना एक चाक घासत जावं लागतं, मातीवर ते सहज सरकतं आणि पेव्हरवर एक्सल आणि चेनवर ताण येतो. रस्त्यावर तर नाहीच, हिला पासिंग नसतं. गावाकडचं अंगण किंवा कर्जत-पनवेलकडची कोणाची मोकळी जागा बघा. टायरमध्ये हवा साइडवॉलवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त नको, दोन्ही मागच्या टायरमध्ये सारखी. पंक्चरवाला सवयीने तीसपर्यंत भरतो, त्याच्यासमोर उभे राहा.

चेनची जोडकडी असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या बाजूला हवं. वर ९० नंबरचं गिअर ऑइल, जास्तीचं पुसून टाका. चेनगार्ड परत लावा, तो "नंतर लावू" म्हणून कोपऱ्यात पडून राहतो. पहिल्या फेरीनंतर गाडी थंड होऊ द्या, मग एक्सलचे, स्प्रॉकेटचे आणि इंजिनचे बोल्ट परत आवळा आणि ढील परत मोजा, नवी चेन पहिल्या काही फेऱ्यांत थोडी ढिली होतेच.