कुत्र्याचं पोर्ट्रेट: खाली पेस्टल, वर पेन्सिल

कुत्र्याचं चित्र बहुतेक वेळा केसांपायी फसतं. केस काढता येत नाहीत असं नाही, ते फार लवकर काढायला घेतले जातात. पहिल्याच तासात कपाळावर रेघांचं रान माजतं आणि डोळे कुठे बसवायचे ते मग त्या रानात शोधावं लागतं. ओळख पटते ती दोन डोळ्यांमधल्या अंतरावरून, कानाच्या घडीवरून, मुस्कटाच्या लांबीवरून. ही मापं चुकली की चित्रात कुत्रा येतो, मोती येत नाही.

इथे दिलेली पद्धत सॉफ्ट पेस्टल आणि रंगीत पेन्सिल यांची मिळून आहे. क्रम उलटा करू नका. पेस्टल म्हणजे भुकटी, ती कागदाच्या खरखरीत धरून राहते. पेन्सिलीत मेण किंवा तेल असतं. मेणाचा थर आधी चढला की वर पेस्टल चिकटत नाही, बोट लागताच निघून येतं. पेस्टलच्या पातळ थरावर पेन्सिल मात्र छान बसते.

दुकानात नुसतं ‘पेस्टल’ मागितलं की बऱ्याचदा शाळेतले ऑइल पेस्टल हातात पडतात. ते इथे चालत नाहीत. ते कधी पूर्ण वाळत नाहीत आणि त्यांच्यावरून पेन्सिल घसरते. कांडी बोटावर घासून बघा. खडूसारखी कोरडी भुकटी आली तर सॉफ्ट, चिकट-तुकतुकीत लागलं तर ऑइल. पेन्सिलींतही दोन जाती आहेत. प्रिझमाकलर प्रीमियरसारख्या मेणाच्या पेन्सिली मऊ असतात आणि रंग पटकन मिसळतात, पण टोक टिकत नाही. पॉलिक्रोमॉससारख्या तेलाच्या पेन्सिली टणक असतात, त्यामुळे बारीक केस आणि पापण्या यांच्यासाठी त्याच बऱ्या. बहात्तर रंगांची पेटी घ्यायची गरज नाही. क्रीम, पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, डार्क सेपिया, काळा, उबदार राखाडीच्या दोन छटा, थंड राखाडीची एक, इंडिगो, फिकट आकाशी आणि जिभेसाठी मातकट गुलाबी, एवढ्यात गावठी, लॅब, पामेरियन सगळे निघतात. पेन्सिल सुटी मिळत असेल तर सुटीच घ्या. फक्त तिच्यावरच्या टिकाऊपणाच्या खुणा बघा: स्वस्त गुलाबी आणि जांभळे रंग उन्हात सगळ्यात आधी उडतात.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वापरलेला ड्रॉइंग पेपर या कामाला पुरत नाही. दोन-तीन थरांतच तो गुळगुळीत होतो. कॅन्सनचा १६० जीएसएमचा मी-तैंत हा रंगीत कागद सोयीचा. त्याच्या एका बाजूला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, दुसरी बाजू त्या मानाने सपाट असते. काम सपाट बाजूवर करायचं, नाहीतर कितीही पेन्सिल घासली तरी केसांतून जाळी डोकावते. कागद पांढरा नको, मध्यम छटेचा हवा. तांबूस कुत्र्याला थंड राखाडी कागद द्या, काळ्याला फिकट मातकट. पांढऱ्यासाठी इतका गडद घ्या की क्रीम पेन्सिलीची एक रेघ त्याच्यावर लांबूनही दिसेल.

आकार ए-४ पेक्षा लहान नको. चित्रातला डोळा निदान सव्वा-दीड सेंटिमीटर रुंद यायला हवा. आठ मिलिमीटरच्या डोळ्यात बुबुळ, बाहुली आणि चमक तिन्ही बसवायला गेलं की काळा ठिपकाच उरतो.

आता फोटो. मोबाइल कुत्र्याच्या नाकाजवळ नेला की नाक बटाट्याएवढं आणि कान मागे पळालेले दिसतात. ते माप चित्रात जसंच्या तसं उतरतं आणि मग हात चुकला असं वाटत राहतं. दीड-दोन मीटर लांब राहा, दुप्पट झूम करा आणि गुडघे टेकून कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. फ्लॅश बंद. कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशला डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि बुबुळाचा खरा रंग हरवतो.

नाशिकला रामकुंडाच्या आसपास किंवा गोदाघाटावर सकाळी लोळणारी मंडळी फुकटातले मॉडेल आहेत. पण तिथे एक अडचण येते. घाटाचा दगड काळा, तो उजेड गिळतो. खालून परतणारा उजेड नसल्यामुळे हनुवटी आणि गळा फोटोत एकदम काळे येतात, आणि सावलीतला तपशील फोटोत नसेल तर तो चित्रात कुठून आणणार? फिकट फरशीवर किंवा सिमेंटच्या कट्ट्यावर बसलेला कुत्रा निवडा. घरचा असेल तर खिडकीशेजारी बसवून समोर पांढरी चादर पसरा. हनुवटीखाली लगेच उजेड भरतो. अनोळखी कुत्र्याच्या तोंडासमोर मात्र फोटोसाठी बसकण मारू नका, झूम त्याचसाठी आहे.

रेखाटन थेट चांगल्या कागदावर करू नका. फोटोची प्रिंट चित्राच्याच आकाराची काढा, साध्या कागदावर २ सेंटिमीटरच्या चौकोनांची जाळी आखून आकृती उतरवा, मग ती ट्रेसिंग पेपरवर घ्या. ट्रेसिंगच्या मागच्या बाजूला रॉ अंबर पेस्टल चोळून घरचा कार्बन करायचा आणि पुढून बॉलपेनने हलकं गिरवायचं. साधी शिसपेन्सिल इथे टाळलेली बरी. तिची चकाकी फिकट केसांखालून दिसत राहते आणि पिवळ्या-क्रीम रंगात मिसळून तो मळका होतो.

माप तपासायला कुत्र्याचाच एक डोळा एकक धरा. दोन डोळ्यांमध्ये किती डोळे मावतात? आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या वरच्या कडेपर्यंत किती? ही उत्तरं प्रिंटवर आणि चित्रावर एकच यायला हवीत. मग दोन्ही उलटे धरून बघा. सरळ बघताना न दिसलेला तिरका डोळा उलट्यात लगेच दिसतो. इथे अर्धा तास जास्त गेला तरी जाऊ द्या, पुढच्या दहा-बारा तासांत ही चूक दुरुस्त होत नाही.

रंगाला सुरुवात पेस्टलने. बोर्ड जवळजवळ उभा ठेवा, किंचित पुढे झुकलेला, म्हणजे भुकटी चित्रावर न सांडता खाली पडते. बोर्डाच्या खालच्या कडेला वर्तमानपत्राची पन्हळ चिकटवली की फरशीही वाचते. डोळे किलकिले करून फोटोकडे बघा: केस दिसेनासे होतात आणि गडद, मध्यम, उजळ असे तीनच भाग उरतात. तेवढेच भाग कांडीच्या कडेने हलक्या हाताने भरा, आधी गडद. पसरवायला मेकअपचा स्पंज किंवा कापूस लावलेली काडी वापरा. बोटाला घाम आणि तेल असतं आणि ते लागलेल्या जागी पुढचा थर डागाळतो.

नाशिकच्या रस्त्यावरचा नेहमीचा तांबूस गावठी घेऊ, काळं मुस्कट आणि छातीवर पांढरा पट्टा असलेला. त्याच्या पाठीकडच्या सावलीला रॉ अंबरमध्ये थोडा इंडिगो, मधल्या भागाला बर्न्ट सिएना, उजेडाच्या बाजूला यलो ऑकर. सिएना हा गेरूच्या घराण्यातला रंग, म्हणून हात आखडता ठेवा. जास्त झाला की कुत्रा कौलासारखा दिसतो. मुस्कटाला सेपिया. छातीच्या पट्ट्यालाही आत्ता पांढरा लावायचा नाही, उबदार राखाडी लावायची.

थर किती जाड झाला हे तपासायची सोपी खूण आहे. कोपऱ्यात टोकदार पेन्सिल ओढून बघा. रेघ उमटली तर ठीक. पेन्सिल भुकटीत नांगरासारखी चर पाडत गेली तर पेस्टल जास्त झालंय. मऊ पुट्टी रबर दाबून उचलून घ्या, घासू नका. भुकटी फुंकायची सवय मोडा. थुंकीचे थेंब उडून डाग पडतात आणि भुकटी नाकात जाते. बोर्डाला मागून टिचकी मारली की जादा भुकटी खाली येते. फिक्सेटिव्हचा, म्हणजे भुकटी धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचा, एक पुसट हात इथे चालतो: ३० सेंटिमीटरवरून, बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीशी, मास्क लावून. त्याने रंग अर्धी छटा गडद होतात, उजळ रंग तर बसूनच जातात. म्हणून फवारा आत्ता, शेवटची चमक देण्याआधी. हेअरस्प्रेचा जुगाड नको, तो पुढे पिवळा पडतो.

मग डोळा, आणि तो पूर्ण करूनच पुढे जा. कुत्र्याच्या डोळ्यात पांढरं फारसं दिसत नाही. पांढरा गोल काढला की लगेच माणसाचा डोळा दिसायला लागतो. बाहेरची काळी कड सेपिया आणि इंडिगोने, वरच्या बाजूला जाड. बुबुळ तपकिरी असलं तरी एकसारखं नसतं. वर पापणीची सावली पडते, त्यामुळे वरचा भाग गडद, आणि चमकेच्या समोरची खालची बाजू उजळ, तिथे ऑकर. बाहुली गोल. चमक शुद्ध पांढरी नसते. बाहेर काढलेल्या फोटोत तिच्यात आकाश असतं, म्हणून आधी फिकट आकाशी आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा. चमक दोन्ही डोळ्यांत प्रकाशाच्या एकाच बाजूला येते. एका डोळ्यात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे दिली की कुत्रा चकणा दिसतो.

नाक काळं भरून टाकलं की बटण चिकटवल्यासारखं दिसतं. नाकाचा वरचा भाग आकाशाकडे तोंड करून असतो, तो निळसर राखाडी ठेवा. खरा काळा रंग फक्त नाकपुड्यांच्या आत आणि बाजूच्या स्वल्पविरामासारख्या फटीत. ओलसर दाणेदारपणा राखाडीच्या लहान अनियमित ठिपक्यांनी येतो, ओळीत टिंबं दिलीत तर ते भरतकाम होतं.

आता केस. ट्रेसिंग पेपरवर आधी बाणांचा नकाशा काढा. नाकाच्या दांड्यावरून केस वर कपाळाकडे जातात, भुवयांपाशी फुटून कानांकडे वळतात, डोळ्याखालचे मागे जबड्याकडे जातात, गळ्यावरचे खाली. छातीवर अनेकदा भोवरा असतो. तो दिसला तर नक्की घ्या, त्या एका भोवऱ्याने चित्र त्याच कुत्र्याचं होतं. ए-४ वर मुस्कटावरचे फटकारे जेमतेम दोन मिलिमीटर, कपाळावर चार-पाच, मानेवर सेंटिमीटरभर. पेन्सिल केसाच्या मुळाशी टेकवायची आणि टोकाकडे जाताना उचलायची, म्हणजे रेघ आपोआप निमुळती होते. दोन्ही टोकं जाड राहिली तर ते केस नाहीत, आगकाड्या आहेत.

प्रत्येक केस काढायचा नाही. केस झुबक्यांनी बसतात. झुबक्यांच्या मधल्या सावल्या गडद करा, उजळ केस आपोआप वर येतात. उजेडातून सावलीकडे वळणारी जागा, कानाची कड, गळ्याची बाह्यरेषा, एवढ्या ठिकाणी केस सुटे दिसले की पुरे. मधला भाग पेस्टलचाच राहू द्या. तिथेही रेघा भरायचा मोह होतो, आणि त्यात बरीच चांगली चित्रं मेली आहेत.

काळ्या कुत्र्याला काळी पेन्सिल सगळ्यात शेवटी. आधी इंडिगो आणि सेपियाचे थर, उन्हाकडच्या बाजूला आकाशी-राखाडी, आणि काळा फक्त सगळ्यात खोल जागी. पांढऱ्या पामेरियनचं तसंच उलट: अंग बहुतेक राखाडी, क्रीम आणि थोड्या निळसर सावल्यांचं, शुद्ध पांढरा फक्त उजेडाने झळकणाऱ्या झुबक्यांवर. पाठीमागून ऊन असेल तर पातळ कानातून ते नारिंगी-गुलाबी झिरपतं, तो रंग सोडू नका.

मिशा अगदी शेवटी. पांढरी पेन्सिल कटरने लांब टोक काढून सँडपेपरवर घासा आणि मुळापासून एकाच झटक्यात ओढा. हात थबकला की मिशीला गाठ येते. आधी रद्दी कागदावर वीसेक ओढून बघा. गालावर मेणाचा थर दाट झाला असेल तर पांढरी रेघ उमटत नाही, तिथे ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडून मिशी काढता येते. मिशा मोजून सारख्या अंतरावर लावू नका, दोन-तीन वाकड्या जाऊ द्या.

मेणाच्या पेन्सिलीने दाबून रंगवलेल्या गडद भागावर काही दिवसांनी पांढुरकी झाक येते. ती बुरशी नाही, मेण वर आलेलं असतं. पेस्टल उघडं नसलेल्या जागी मऊ सुती कापडाने हलकं टिपलं की जातं. खरी बुरशी पावसाळ्यातली: करडे-हिरवट ठिपके, ओलसर वास. जून ते सप्टेंबर अपुरी चित्रं ग्लासीन या गुळगुळीत, पातळ कागदात घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात ठेवा. दमट दिवशी फिक्सेटिव्ह मारू नका, थर धुरकट होतो.

फ्रेमवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि शक्यतो पाच मिलिमीटरची पट्टी हवी. आणि ॲक्रिलिक नको, काचच. ॲक्रिलिक पुसताना त्यावर स्थिर वीज जमते आणि ती पेस्टलची भुकटी ओढून घेते. फ्रेम टांगायला पाऊस झोडपणारी बाहेरची भिंत टाळा. ओल आधी तिथे येते आणि तिथून माउंटमागे शिरते.